बाईंचा खालचा कप्पा

मित्रांनो, वाचनालयात शिरलात की उजव्या हाताला, छत्र्या ठेवायच्या बादलीशेजारी जी जुनी लाकडी मांडणी दिसते, ती मी. तुम्ही माझ्यावरच्या पुस्तकांकडे पाहता, माझ्याकडे कधी पाहत नाही. त्याचा मला राग नाही. पण आज घटकाभर माझ्याकडे पाहा, कारण माझ्या बाबतीत जे घडलं ते मला कुणाला तरी सांगायचं आहे.

जन्माने मी दार आहे. ह्याच वाचनालयाचं जुनं दार. काचेचं नवं दार आलं तेव्हा मला मागच्या अंगणात भिंतीला टेकवून ठेवलं आणि सगळे विसरून गेले. पुढे एका सुताराने मला कापलं, रंधा मारला आणि माझे तीन कप्पे केले. "दाराचं लाकूड आहे, बरं का," तो हसत म्हणाला, "टकटक केलीत तर ओ देईल." त्याने ते गमतीने म्हटलं होतं.

माझं काम असं. वाचनालयातल्या माणसांनी स्वतः वाचलेलं, आवडलेलं पुस्तक माझ्या कप्प्यात ठेवायचं. वाचकाने ते न्यायचं आणि वाचून झालं की स्वतःच्या हाताने पुन्हा त्याच कप्प्यात आणून ठेवायचं, नोंद मागाहून होई. हा नियम ग्रंथपाल बाईंचा. बाई बुटक्या, म्हणून खालचा कप्पा त्यांचा. वरचा कप्पा सहायक ग्रंथपालांचा. ते ताडमाड उंच, आणि दिसेल त्या पुस्तकाला नाक मुरडायचे, म्हणून बाईंनी त्यांचं नावच नाकमुरडे ठेवलं होतं. मधला कप्पा देवघेवीच्या टेबलावर बसणाऱ्या ताईंचा. तिथे वर्षानुवर्षं विणकामाचं एकच पुस्तक होतं आणि ते कुणी नेलं नाही तरी ताईंचं काही बिघडत नसे.

बाईंना शेवट आधी वाचणाऱ्यांची भारी चीड. म्हणून त्या पुस्तकाच्या शेवटच्या पानांभोवती कागदाची पट्टी चिकटवायच्या आणि तिच्यावर लाल पेन्सिलीने लिहायच्या, 'थांबा. चहा घ्या. मग पुढे.' पुस्तक ठेवून झालं की बोटाच्या पेराने माझ्या फळीवर दोनदा वाजवायच्या. टक, टक. मला ते फार आवडायचं. दार असताना माझ्यावर किती जणांनी थाप मारली होती, पण ती आतल्या माणसासाठी असायची. बाईंची टकटक माझ्यासाठी होती.

बाई आणि नाकमुरडे रोज भांडत. एकदा बाईंनी एका घड्याळजीची कादंबरी ठेवली. कुणीतरी घड्याळ दुरुस्तीला देऊन जातं आणि परत येत नाही, घड्याळजी ते रोज चावी देऊन चालू ठेवतो, अशी गोष्ट.

"गिऱ्हाईक येणार की नाही, एवढ्यासाठी चारशे पानं?" नाकमुरडे म्हणाले.

"वाचलंत का?"

"चाळलं."

"चाळायला ते काय पीठ आहे? आधी वाचा, मग नाक मुरडा." आणि बाईंनी माझ्यावर वाजवलं. टक, टक. भांडणात त्याचा अर्थ विषय संपला असा होता. त्यानंतर नाकमुरड्यांचीही बोलायची छाती होत नसे.

थोड्याच दिवसांनी बाई तब्येतीसाठी रजेवर निघाल्या. जाताना त्यांनी तेच पुस्तक नाकमुरड्यांना दाखवलं. "मी येईपर्यंत वाचून ठेवा. आल्यावर नीट भांडू."

"बघू," नाकमुरडे म्हणाले.

त्याच दुपारी कोपऱ्यावरच्या शिंपीकाकांनी ते पुस्तक नेलं. आणि बाई परत आल्या नाहीत.

त्यांच्या जाण्याची बातमी आली त्या दिवशी वाचनालय बंद होतं. दुसऱ्या दिवशी ताईंनी सगळीकडची धूळ पुसली, पण खालच्या कप्प्यापाशी आल्या आणि फडकं हातातच राहिलं. "मी नाही बाई हात लावणार," त्या स्वतःशीच म्हणाल्या. कप्पा रिकामा होता. मित्रांनो, रिकामं राहण्याची मला सवय आहे, पण तो रिकामेपणा मला सोसवत नव्हता.

मग एका सकाळी त्या कप्प्यात पुस्तक दिसलं. बाईंना आवडणारं. आठवड्याने दुसरं. वाचक चरकले. एका आजोबांनी ताईंना हळूच विचारलं, "बाई गेल्या ना? मग हा कप्पा कोण भरतं?" ताईंनी नुसते हात जोडले. काहीजण दुरूनच वळून जाऊ लागले, काहीजण मुद्दाम तेच पुस्तक नेऊ लागले. त्यातच उन्हाळा आला, माझं लाकूड सुकलं आणि भर दुपारी कधीकधी माझ्यातून आवाज येई. टक. वाचणारी सगळी डोकी वर व्हायची. मी तरी काय करू? जुन्या लाकडाला ऊन बाधतं. पण खरं सांगते, कधीकधी ऊन नसतानाही तो आवाज यायचा.

पुस्तकं कोण ठेवतं ते मला माहीत होतं. नाकमुरडे सकाळी सर्वांच्या आधी यायचे आणि वाकून, गुडघे धरत, ठेवायचे. बाईंनी आजवर सुचवलेली आणि आपण नुसती चाळलेली पुस्तकं ते आता एकेक करून वाचत होते. घड्याळजीची कादंबरी मात्र मिळेना. वाचनालयात एकच प्रत होती, ती छापणंही बंद झालेलं, आणि शिंप्याच्या दुकानाला कुलूप. माझ्यापुढे उभे राहून ते पुटपुटायचे, "वाचून ठेवतो एवढं म्हणालो असतो तर काय गेलं असतं?" मला फार वाईट वाटायचं.

एक दिवस ते आतल्या खोलीतून बाहेर आले आणि खालच्या कप्प्याकडे पाहून जागच्या जागी थांबले. तिथे घड्याळजीची कादंबरी होती. शेवटच्या पानांभोवती पट्टी, पट्टीवर लाल अक्षर. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

"साहेब, मीच ठेवलं," बाकावरून शिंपीकाका म्हणाले. ते पार वाळले होते. "आजारपणात मुलीकडे होतो. पुस्तक तेवढं अडकून पडलं बघा. बाई रागावल्या असतील."

"पट्टी तशीच आहे, काका. शेवट नाही वाचला?"

"डॉक्टरांनी चहा बंद केलाय. चहाशिवाय पुढे कसं जायचं? बाईंना काय तोंड दाखवू?"

नाकमुरड्यांनी त्यांच्या शेजारी बसून त्यांना बाई गेल्याचं सांगितलं. शिंपीकाकांनी उठून कप्प्यातलं पुस्तक काढलं आणि दोन्ही हातांनी नाकमुरड्यांपुढे धरलं.

त्यानंतर नाकमुरडे जेवणाच्या सुट्टीत माझ्याशेजारी स्टूल घेऊन वाचू लागले. पट्टीपर्यंत पोचले आणि थांबले. दुसऱ्या दिवशी पुस्तक उघडलं आणि मिटलं. तिसऱ्या दिवशीही तेच. शेवट वाचला की बाईंनी दिलेलं काम संपणार होतं, आणि त्यांना ते संपायला नको होतं.

शेवटी एका दुपारी ते चहाचे दोन कप घेऊन आले. एक माझ्या फळीवर ठेवला. स्वतःचा सावकाश प्यायले. मग पट्टी फाडली आणि शेवटची पानं वाचली. चष्मा काढून पुसला.

"शेवट जमलेला नाही, बाई," ते म्हणाले. "गिऱ्हाईक परत यायला हवं होतं."

मग ते वाट पाहत बसले. मीही पाहत होते. फळीवरच्या चहावर साय धरली. बाहेर ढगाळ होतं, ऊन कुठे नावालाही नव्हतं.

टक, टक.

ते मी केलं, की दाराच्या पलीकडून कुणी माझ्याकडून करून घेतलं, हे मला अजूनही कळलेलं नाही. नाकमुरडे एकदम ताठ झाले. मग त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. "बरं," ते म्हणाले. "बरं, बाई." त्यांनी पुस्तकाला नवी पट्टी लावली, तेच शब्द लिहिले आणि ते खालच्या कप्प्यात ठेवलं.

मित्रांनो, मला पॉलिश करा असं मी म्हणत नाही. छत्री तेवढी माझ्या अंगावर झटकू नका. आणि कुणी आपल्या हाताने तुमच्यासाठी पुस्तक काढून ठेवलं, तर 'बघू' म्हणू नका. वाचा आणि त्या माणसाला जाऊन सांगा. नाही आवडलं तर खुशाल भांडा. आमचे नाकमुरडे अजून रोज भांडतात, पण त्यांच्या समोर आता मी आहे, आणि मला दोनच शब्द येतात.