डाव्या हाताचा फासा

"गेल्या जिवाचं पान नको मांडू बाई,
जेवाया येतो, मग परतत नाही."

जात्यावर नागली दळताना आजी म्हणायची. कोंडी तेव्हा लहान पोर होती. उडत्या पिठासारखा तो आवाज तिच्या अंगावर बसायचा. आज खोडाळ्याच्या आश्रमशाळेत भांडी घासता घासता तो एकदम कानाशी आला. हातातली परात तिने खाली ठेवली.

समोर ओट्यावर चटई टाकून मुली गोल बसल्या होत्या. ठाण्याच्या कुणा मंडळींनी यंदा पटावरचे नवे खेळ धाडले होते. त्यातला वर्षाचा आवडता खेळ आज ठरायचा होता. तो वसतिगृहाला राहणार, बाकीचे दुसऱ्या शाळांना जाणार. शेवटी दोनच उरले, 'आगगाडी' आणि 'रानवाट'. वसतिगृह सांभाळणाऱ्या रोहिणीबाईंनी हात वर करायला लावले, तर निम्म्या पोरी इकडे, निम्म्या तिकडे.

"फागीचं मत ऱ्हायलं ना बाई!" सुकी ओरडली.

रोहिणीबाईंनी मान खाली घातली. त्यांना ठाऊक होतं. फागी, कोंडीची लेक, दिवाळीच्या सुट्टीत वांगणीला घरी गेली आणि तापाने तिथेच संपली. शाळेच्या स्वयंपाकघरात कामावर परतल्यावर कोंडीने मुलींना सांगितलं, मामासंगं भिवंडीला वीटभट्टीवर गेलीय, येईल. बाईंना मात्र तिने विनवलं होतं, "सांगू नका बाई. पोरी इचारत्यात तवर ती कुठंतरी हाये."

तेव्हापासून मुली दर खेळात फागीची सोंगटी मांडत.

"मावशी, हितं ये. बघ तुझी लेक," सुकीने बोलावलं.

रानवाटेच्या पटावर शेवटी एक झोपडी होती. तिच्या दारात लाल सोंगटी.

"रोज सगळ्यांच्या आधी दारापरेंत येती," रुपी म्हणाली. "एक पडला का आत. पन एक पडतच नाय."

"लबाड हाये," रविना हसली. "आत गेली तर खेळ सरंल ना तिचा!"

सुकीने फासा डाव्या हातात घुमवला. कोंडी पटाशी वाकली. तिच्या पाड्यावर मेल्या माणसाला पाणी द्यायचं ते डाव्या हाताने.

"डाव्यानं का गं टाकतीस? कुनी शिकवलं?"

"कुनी नाय. उजव्यानं टाकला का फासा पळून जातो, मावशी. फागीचा डाव्यानंच पडतो."

भर दुपार होती. सुकी आणि रुपीच्या मधे एका पोरीपुरती जागा सुटली होती. तिथली चटई दबलेली होती, कुणी मांडी घालून बसल्यासारखी.

"तितं कोन बसलं व्हतं?"

"कुनी नाय बसत. गार लागतं."

"तिचं मत तूच दे ना, मावशी," रविना लाडात आली. "रानवाट म्हन. मग पट हितंच ऱ्हाईल. रोज खेळवू तिला. धाकट्या पोरींना पन सांगून जाऊ."

रोज. शिमगे येतील, जातील. या पोरी आपापल्या घरी नांदतील. नव्या पोरी येतील, त्याही डाव्या हाताने फासा टाकतील. आणि तिची लेक उंबऱ्याबाहेर ताटकळत राहील, ना इकडची ना तिकडची.

'रानवाट' म्हटलं की झालं. कोंडीच्या ओठावर आलंही. मुली तोंडाकडे बघत होत्या.

ती खाली बसली. दबलेल्या चटईवर तळवा टेकला. खरंच गार होती. तिने तो तसाच ठेवला.

"भट्टीवर नाय गेली गं ती, पोरींनो," ती म्हणाली. "मेलीय माजी फागी. दिवाळीतच, माज्या मांडीवर. आता तिला कुनी खेळाया बोलवू नका."