मी चांगलं सांगितलं तरी जा

मी ग्लुकोमीटर. रक्तातली साखर सांगणारं, तळहातावर मावणारं यंत्र. माझ्या तोंडात एक पट्टी सरकवा, तिच्या टोकाला बोटातलं थेंबभर रक्त लावा, की आकडा दाखवतो. माझ्यावर माणसं रागावतात, तसा जीवही लावतात. मला जास्त भीती जीव लावणाऱ्यांची वाटते. का, ते सांगतो.

कारखान्यातलं फारसं आठवत नाही. आम्ही सगळी भावंडं एकसारखी होतो. औषधांच्या दुकानातून मला एका घाईतल्या नवऱ्यानं उचललं. त्याच्या बायकोला सातवा महिना लागला होता आणि डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, "गरोदरपणातला मधुमेह आहे. घरी साखर तपासत राहा."

माझी मालकीण शाळेत गणित शिकवायची, त्यामुळे आकड्यांवर तिचा भारी विश्वास. पण पहिल्याच आठवड्यात मी भलताच मोठा आकडा दाखवला आणि तिनं सगळ्यांना हाक मारली.

"मशीनच बोगस आहे," सासूबाई म्हणाल्या.

"हात धुतले होतेस का?" नवऱ्यानं विचारलं.

धुतले नव्हते. नुकतंच केळं सोललं होतं. हात धुऊन पुन्हा बोट टोचलं, तर आकडा बरोबर आला.

"बघ, शहाणं आहे की!" सासूबाईंनी लगेच पक्ष बदलला.

तेव्हा मला माणसांची एक सवय कळली. आकडा वाईट आला की आधी माझी उलटतपासणी होते. चांगला आला की मला कुणी काहीच विचारत नाही.

यथावकाश मुलगी झाली. गोल गरगरीत, म्हणून तिचं नाव पडलं गोटी. घरी सोडताना डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "साखर आता उतरलीय, पण पुढे कायमचा मधुमेह होऊ शकतो. दीड महिन्यानं लॅबमध्ये या. आधी उपाशीपोटी रक्त, मग ग्लुकोजचं पाणी प्यायचं आणि दोन तासांनी पुन्हा रक्त. हे चुकवू नका."

सगळ्यांनी माना डोलावल्या.

दीड महिना झाला तेव्हा गोटीला लस टोचलेली, अंगात कणकण. पुढे मालकिणीची शाळा सुरू झाली. मध्येच एकदा ती लॅबला निघालीही होती, तर सासूबाई दारात उभ्या. "अंगावर पाजतेस आणि उपाशी कुठे निघालीस?" मालकीण चपला काढून आत आली आणि तिनं मला बाहेर काढलं. मी आकडा दाखवला. ब्याण्णव.

"उपाशीपोटी ब्याण्णव! झाली की तपासणी," ती म्हणाली. घरादाराचा जीव भांड्यात पडला.

माझा मात्र टांगणीला लागला. गोड पोटात गेल्यावर दोन तासांनी तिचं शरीर काय करतं, हे मला कुणी विचारलंच नव्हतं. पुढेही कधी काळजी वाटली की ती मला उपाशीपोटीच विचारायची. वर्गात पोरांनी येणारंच गणित पुन्हा पुन्हा सोडवलं असतं, तर हिनंच त्यांचे कान धरले असते.

गोटी पळायला लागली, घरात दुसऱ्या बाळाच्या गोष्टी सुरू झाल्या. त्याच सुमारास धाकटी जाऊ मला न्यायला आली. तिलाही दिवस गेले होते आणि तिचीही साखर वाढली होती.

"ताई, ती बाळंतपणानंतरची तपासणी फार वेळ खाते का हो?"

"छे गं! घरच्या घरी केली मी. ब्याण्णव."

"घरच्या घरी? मला तर डॉक्टर म्हणाले, घरचं मशीन चालायचं नाही. ते गोड पाणी पिऊन लॅबमध्येच करायची."

मला जावेच्या हातात देता देता मालकीण थांबली.

"ठणठणीत आहे ती. उगाच काहीतरी काढू नका," सासूबाई म्हणाल्या.

"आई, ठणठणीत तर मी गोटीच्या वेळीही दिसत होते." मग नवऱ्याकडे वळून मालकीण म्हणाली, "दुसऱ्या बाळाचं राहू दे जरा. आधी हे बघू."

जावेकडे जाणं माझं लांबलं; दुसऱ्या दिवशी मी मालकिणीच्या पर्समध्ये होतो. लॅबमध्ये तिनं नाक दाबून ते पाणी घशाखाली उतरवलं. "मला पण!" म्हणून गोटीनं भोकाड पसरलं, तेव्हा बाप तिला खांद्यावर घेऊन बाहेर गेला. मालकीण एका खुर्चीत दोन तास बसून होती. अधूनमधून पर्समध्ये हात घालून मला चाचपत होती.

रिपोर्ट आला. उपाशीपोटीची साखर चांगली होती. दोन तासांनंतरची वाढलेली.

"मधुमेह झालेला नाही, पण उंबरठ्यावर आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "चालणं वाढवा, खाणं सांभाळा. वर्षाला ही तपासणी करायची. आणि दुसऱ्या बाळाच्या आधी मला भेटायचं."

मालकिणीनं मला टेबलावर ठेवलं. "मग हा इतके दिवस खोटं बोलत होता?"

"नाही हो. तुम्ही विचारलंत तेवढंच त्यानं सांगितलं."

तिनं रिपोर्टची घडी घातली. मग म्हणाली, "उशीर झाला का?"

"वेळेवर नाही आलात. पण वेळेत आलात."

आता मी धाकट्या जावेच्या घरी असतो. तिला मुलगा झाला, त्याला आता दीड महिना होतोय. काल तिचा नवरा म्हणाला, "एवढं लॅबमध्ये कशाला? मशीन आहे की घरात."

तिनं सरळ मोठ्या जावेला फोन लावला. "ताई, उद्या सकाळी बाळाला घेऊन माझ्याबरोबर बसाल का?"

"बसते की. आणि गोटीला घरीच ठेवते, नाहीतर तुझं पाणी तीच संपवेल."

आज सकाळी तिनं मला हातात घेतलं. उपाशीपोटी होती. माझ्यात पट्टी घातली असती, तर मी बहुतेक छान आकडा दाखवला असता, आणि मग घराबाहेर पडणं किती जड गेलं असतं! तिनं क्षणभर माझ्याकडे बघितलं, मला ड्रॉवरमध्ये ठेवलं आणि ड्रॉवर ढकलला.

आतून मला काही दिसत नाही. पण बाहेरच्या दाराची कडी वाजली, ती मी ऐकली. तुमच्याही घरी माझं एखादं भावंड असेल. गरोदरपणात साखर वाढली असेल, तर बाळ झाल्यावर त्यालाही असंच आत ठेवा, आणि लॅबला जायला दाराची कडी काढा.