खळ्यावरचा दवाखाना

"मेल्यांनो, ऐन कापणीत दवाखाना उचलताव? तुमच्या बापाचा हाय काय?"

भामा बांधावरूनच ओरडत निघाली. हातातला इळाही ठेवायचं भान नव्हतं. तिची सून दिपिका सांगत आली होती, की दवाखान्यासमोर टेम्पो लागलाय आणि सापाच्या लशीचा फ्रिज शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात चाललाय.

शिरढोणपलीकडचं हे एवढंसं गाव. दवाखान्याला जागा मिळेना, तेव्हा भामाच्या सासऱ्यानं भात झोडायचं आपलं खळं देऊन टाकलं; दवाखान्यापुढचं अंगण अजून खळ्याचंच होतं. गेल्या कापणीत दिपिकाला नाग डसला, ती वाचली ती इथल्याच लशीनं. मग भामाचं डोकं फिरणार नाही तर काय?

टेम्पोपाशी इस्त्रीचा शर्ट घातलेला साहेब उभा होता. "मावशी, निधी मर्यादित आहे. सगळ्या सोयी एका ठिकाणी केल्या की सगळ्यांनाच चांगली ट्रीटमेंट मिळते."

"मोठा दवाखाना नको कोन म्हनतंय? पन त्याचं प्वाट भराला आमच्या ताटातलं कशाला वढताव? नागाचं इख काय ट्रॅफिक सुटायची वाट बगतंय?"

"वरून ऑर्डर आहे."

"मंग वरच्यांना धाडा भात कापाला!"

भामा मागं वळली. "पोरींनो, भारे आना. खळं आमचं हाय, आज हितंच झोडू."

बघता बघता बायकांनी टेम्पोपुढं भाताचे भारे अंथरले. साहेब ड्रायव्हरवर खेकसला, "काढ गाडी!"

ड्रायव्हर दयाराम पलीकडच्याच गावचा, शेतकऱ्याच्या घरातला. त्यानं चावी काढून खिशात टाकली. "खळ्यावर आमी चप्पल घालत नाय, साहेब. चाक कुठं घालू?"

एवढ्यात नर्स रोशनी सिस्टर चाचरत म्हणाली, "भामाकाकी, फ्रिज रिकामा हाय. लस सोमवारीच नेली."

भामाच्या अंगाची लाही लाही झाली. "सोमवारपास्नं? आनि आमी रोज भातात हात घालताव! सांगाला तुमची जीभ झडलेली? लस येई पत्तोर कोन हलनार नाय. तुमी पन नाय, साहेब."

साहेबानं फोनवर फोन लावले. इकडं बायकांनी झोडणी धरली. कोंडा उडून त्याच्या शर्टावर बसला, पण तिथून हलायची त्याची हिंमत झाली नाही. दोन तासांनी बर्फाच्या डब्यातून लस आली. रोशनीनं ती फ्रिजात ठेवली आणि टेम्पो रिकामाच वळला.

"झालं ना समाधान?" साहेब घाम पुसत म्हणाला. "माझ्या शब्दावर दोन तासांत आणून दिली."

भामानं हातातला भारा खाली ठेवला.

"दोन तास! तुमच्यासारक्या साहेबानं फोन केला तरी दोन तास. माजी सून अर्ध्या तासात बोलाची बंद झालेली. आज कुनाला डसला नाय, म्हनून तुमी गाडीत बसून चाल्लाव."