गोरखभाऊंचा कान

"काका, मला नुसतं वाचून कळत नाही. तुम्ही एकदा कानानं ऐका, तुम्ही म्हणाल ते फायनल," असं म्हणून गौरव स्टार्टर मारायला गाडीत जाऊन बसला आणि गोरख बॉनेटखाली वाकला.

सगळं शेवटी त्या कानावरच येऊन थांबलं होतं. कामशेतला जुन्या हायवेच्या कडेला गोरखचं गॅरेज अडतीस वर्षं चाललं, ते पाटीवर नव्हे, त्याच्या कानावर. पवनेकडचे ट्रॅक्टरवाले असोत की लोणावळ्याचे जीपवाले, एकमेकांना हेच सांगायचे, की गोरखभाऊकडं न्या, बॉनेट उघडायच्या आधी रोग सांगतो. त्यात खोटं काही नव्हतं. रस्त्यानं गेलेल्या गाडीचं कोणतं बेअरिंग वाजतंय हे तो जेवता जेवता सांगायचा, आणि सांगून झाल्यावर मिशीतल्या मिशीत हसायचाही. माणसाला कशाचा तरी माज असतोच. त्याला कानाचा होता.

दीड वर्षापूर्वी त्या कानातून बारीक आवाज निघून गेले. आधी कुकरची शिट्टी गेली, मग चिमण्या गेल्या, मग फॅनबेल्टची किरकिर. समोरच्या माणसाचं बोलणं यायचं, म्हणून कुणाला पत्ता लागला नाही. तळेगावच्या डॉक्टरनं मशीन लावायला सांगितलं. पण कानात मशीन घातलेल्या मिस्त्रीकडं गाडी कोण आणणार? झाकली मूठ सव्वा लाखाची. गोरखनं नवीनच रीत काढली. आवाज कधी येतो, कसा येतो, हे तो गाडीवाल्यालाच आडून आडून विचारायचा आणि त्यानं सांगितलेलंच चार शब्द फिरवून त्याला परत द्यायचा. लोक खूश होऊन जायचे. फोन मात्र त्याची बायको रेणुका घ्यायची. का घ्यावा लागतो, हे तिनं कधी विचारलं नाही.

पण ही गाडी असल्या फसवणुकीला दाद देणारी नव्हती. तळेगावजवळ वराळ्याला कंपनीत नोकरी करणाऱ्या गौरवनं ती भंगारातून उचलली होती. जपानी, लाल, जमिनीला पोट टेकल्यासारखी. सहा वर्षं त्यानं तिच्यावर घालवली होती. तिच्या इंजिनात पिस्टनच नव्हते. समोशासारखे फुगीर तिकोनी दोन रोटर, पुढं एक, मागं एक, आपापल्या कवचात गरगर फिरायचे. प्रत्येक कोपऱ्यात एक बारीक पट्टी, ती हवा अडवणारी. त्यावर गौरवनं धुराच्या जोरावर इंजिनात हवा कोंबणारा मोठा टर्बो चढवलेला आणि पट्ट्यांना तेल देणारा मूळचा पंप काढून टाकलेला, त्यामुळं पेट्रोलच्या टाकीतच टू-स्ट्रोकचं तेल मिसळावं लागायचं. जुन्या लुना मोपेडसारखं. तेवढी एकच गोष्ट गोरखला ओळखीची वाटली होती.

गाडी थंड असताना कशीबशी सुरू व्हायची, तापली की धापा टाकून बंद पडायची आणि मग काही केल्या उठायची नाही. पुण्यातल्या तीन गॅरेजवाल्यांनी हात जोडले, तेव्हा गौरवला वडिलांच्या जीपचा जुना मिस्त्री आठवला. दोन दिवस गोरखनं जीव तोडून शोधलं. प्लग बदलले, कॉइल पाहिल्या, पेट्रोलचा दाब पाहिला. सकाळी प्लगच्या भोकात कॉम्प्रेशनचा, म्हणजे आतला दाब मोजायचा गेज लावला, तर दोन्ही रोटरला काटा वर चढून नीट बसला. म्हणजे इंजिन ठणठणीत. गौरवचं मात्र समाधान होईना. त्यानं कुठंतरी वाचलं होतं, की प्लग काढून इंजिन नुसतं फिरवायचं आणि ऐकायचं. रोटरच्या तीन बाजू, तीन फुसकारे. तिन्ही सारखे आले पाहिजेत.

स्टार्टर फिरला. गोरखनं पुढच्या रोटरशी कान नेला, मग मागच्याशी. त्याला स्टार्टरची जाड घरघर ऐकू आली. तिच्यापलीकडं काही नव्हतं. त्यानं डोळे मिटले, श्वास रोखला, उजवा कान झाला, डावा झाला. कापूस ऐकावा तसं. आता खरं बोलून टाकावं असं त्याच्या अगदी ओठांवर आलं, पण गौरव खिडकीतून मान बाहेर काढून त्याच्याकडं असा बघत होता, की देवळात कौल लावलाय आणि हा देव आहे.

"तिनी सारके हायेत," गोरख म्हणाला.

गौरवचा चेहरा उजळला. तो भराभर प्लग बसवू लागला. आता संशय उरला होता तो गाडीच्या कॉम्प्युटरवर. लोणावळ्याला त्याच्या ओळखीचा एक जण होता, तो चढाला गाडी बंद पडेपर्यंत पूर्ण दाबून चालवणार आणि त्याचं कारण लॅपटॉपवर पाहणार. तुम्ही ऐकलंत म्हणून निर्धास्त जातो, असंही तो म्हणाला. गोरख पाण्याच्या पिंपाशी जाऊन उगाचच हात धूत राहिला.

रेणुका मागच्या दाराशी तांदूळ निवडत बसली होती. ती सूप बाजूला ठेवून उठली आणि त्याच्या अगदी समोर येऊन उभी राहिली.

"अवो, मागल्या बाजूचं फुसकारं सारकं न्हाईत. एक मोठा येतोय अन् दोन बारीक. आपल्या फवारणीच्या पंपाचा वायसर गेलता, तवा यायचा तसा."

गोरख तिच्यावर खेकसला. गेजनं सांगितलंय, तुला काय कळतंय त्यातलं, असं बरंच काही बोलला. बोलता बोलताच त्याला तो गेज डोळ्यांपुढं दिसला आणि त्याची पाचावर धारण बसली. गेजचा काटा सगळ्यात मोठ्या फुसकाऱ्यावर जाऊन अडकतो, खाली येत नाही. पिस्टनच्या गाडीत एका भोकामागं एकच पिस्टन, तिथं त्यानं काही बिघडत नाही. इथं एका भोकासमोरून तीन बाजू फिरतात. एक चांगली बाजू दोन मेलेल्या बाजूंना पाठीशी घालते आणि काटा म्हणतो, सगळं ठीक. अडतीस वर्षांच्या सवयीनं त्यानं तो खरा मानला होता. एक पट्टी गेली की तिच्या अलीकडची आणि पलीकडची, दोन्ही बाजू जातात. एक मोठा, दोन बारीक.

आणि आता पोरगा ती गाडी चढाला दाबणार होता. पट्टीचा तुकडा सुटला तर आतली भिंत खरवडून काढेल, टर्बोत जाईल. ते कवच गौरवला दोन वर्षं शोधून मिळालं होतं. सहा वर्षांची मेहनत अर्ध्या मिनिटात भंगार होणार होती, आणि तीही गोरखच्या शब्दावर.

एव्हाना गाडी सुरू होऊन, मागं येऊन रस्त्याकडं वळली होती. गोरख अठ्ठावन्नाव्या वर्षी धावला. चप्पल निसटली ती तशीच टाकून तो गाडीच्या नाकासमोर दोन्ही हात पसरून उभा राहिला. गौरवनं करकचून ब्रेक दाबला. गोरखनं हातानंच चावी बंद करायला सांगितलं.

धापा टाकतच त्यानं सांगितलं, की गेजनं फसवलं, मागच्या रोटरची पट्टी गेली आहे, गाडी एक फूटही न्यायची नाही. तेवढ्यावर भागलं असतं. सगळा दोष गेजवर जाऊन मूठ झाकलेलीच राहिली असती. पण गौरव गोंधळून खाली उतरला आणि त्यानं साधंच विचारलं.

"पण काका, तुम्ही कानानं ऐकलंत ना?"

गॅरेजमध्ये ट्रॅक्टर घेऊन आलेला पवनेकडचा जानू बाकावर बसून ऐकत होता. शेजारचा पंक्चरवाला हातातलं काम थांबवून बघत होता. गोरखला वाटलं, आत्ता या क्षणी जमीन दुभंगावी. ती काही दुभंगली नाही.

"मला ऐकू येत न्हाई," तो म्हणाला. "बारीक आवाज दीड वर्स झालं येतच न्हाई. मी खोटं बोललो तुमास्नी. ते हिनं ऐकलं."

गौरवनं गाडीच्या टपावर एकदा हात ठेवला आणि ढकलायला मागं जाऊन उभा राहिला. तो चिडला असता तर गोरखला बरं वाटलं असतं. शिव्या त्यानं मान खाली घालून घेतल्या असत्या. पण पोरगा चांगल्या घरातला होता. चौघांनी मिळून गाडी ढकलत परत शेडमध्ये आणली. गोरखनं गेजमधली काटा अडकवून ठेवणारी झडप काढून तो पुन्हा लावला. आता काटा थरथरू लागला. एकदा उंच उडाला, दोनदा जेमतेम हलला. सगळ्यांनी पाहिलं.

मग गौरव रेणुकाकडं वळला.

"काकू," तो हळू आवाजात म्हणाला, "काकांना सांगाल का? इंजिन उघडायचं तर त्यांच्याच हातानं उघडायचं. मी दुसरीकडं नेणार नाही."

गोरख दोन हातांच्या अंतरावर उभा होता. त्याला शब्दन् शब्द ऐकू आला होता. तरी रेणुका त्याच्याकडं वळून ते सगळं मोठ्यानं, सावकाश, एकेक शब्द तोडत सांगेपर्यंत तो थांबला, आणि तिचं सांगून झाल्यावर त्यानं मान हलवली.