टेकाडाच्या अलीकडचा समोवर

मित्रांनो, मी एक जुना समोवर आहे. पितळेचा. अंगावर पोचे सात, छातीवर पदकांचे ठसे चार, आणि तोटी होती तिथे आता बोटभर भोक. माझी गोष्ट ऐकायला बसलात, देव तुमचे भले करो. पण आधीच सांगून ठेवतो, मी चिडलेला आहे. भांडे चिडले तर कुणाला कळत नाही, म्हणून तोंडाने सांगावे लागते.

तुमच्याकडे आंघोळीचे पाणी तापवायचा तांब्याचा बंब असायचा ना, तसाच माझा देह. भोवती पाणी, मधून उभी नळी, नळीत विस्तव. बंबाला न्हाणीघरात उभे करतात, मला चहासाठी चारचौघांत बसवतात, एवढाच फरक. दूरच्या 'तुला' नावाच्या गावी एका बहिऱ्या कारागिराने मला ठोकून घडवले. त्याला माझा आवाज ऐकू यायचा नाही. तळव्याने पोट चाचपून तो म्हणायचा, "हा गाईल." आणि खरोखरच पाणी तापू लागले की मी गातो. आधी बारीक, माशीसारखा, मग घशातून, आणि उकळी फुटायच्या आधी जरासा गप्प. ही देवाची देणगी आहे, तिचा मला गर्व नाही. थोडा आहे.

जत्रेत दोन मेंढ्यांच्या बदल्यात मी या माळावर आलो. आणणारे गेले, आता त्यांचे चिरंजीव ओराझ अता, म्हणजे ओराझ आजोबा, घरातले थोर. पांढरी दाढी, दोन तारांचा दोंब्रा, आणि आवाज असा की ऐकणाऱ्याने हातातला घास खाली ठेवावा. चहा झाला की ते सूर धरून बोध सांगतात. त्याला आमच्याकडे तेर्मे म्हणतात. आयुष्य म्हणजे काय, आईचे ऋण केवढे, माणसाने कसे वागावे, सगळे गाण्यात. मित्रांनो, मी तेर्म्याचा भुकेला आहे. ते गाऊ लागले की माझ्या पोटातले पाणी डोलते. त्यांचे एक पद मला विशेष प्रिय:

डोळे दिले देवाने, दोन घडीचा हा बाजार,
पाहून घे रे माणसा, मग मिटणार हे दार.

या पदावर मी कितीदा वाफ ढाळली असेल. आणि याच पदाने माझे डोके फिरले. सांगतो.

आमच्या गावापासून गाडीने तीन तासांवर पाखरांसाठी राखलेले तळे आहे. पानगळीच्या दिवसांत उत्तरेकडचे हंस तिथे उतरतात, काही दिवस चरतात आणि दक्षिणेला निघून जातात. दरवर्षी घरचे सगळे ते पाहायला जातात. तळ्याकाठी एक टेकाड आहे, हंस दिसतात ते त्यावरून. टेकाडाच्या अलीकडे, राखणदाराच्या खोपीमागे, खडी पसरलेला चौक आहे. विस्तव पेटवायचा तो तिथेच, आणि पेटवला की कुणीतरी त्याच्यापाशी बसलेच पाहिजे. वाळल्या बोरूत ठिणगी गेली तर पाखरांचे घर जाईल. नियम रास्त आहे, मी त्याला नावे ठेवत नाही. पण 'कुणीतरी' म्हणजे कोण, हे नियमात लिहिलेले नव्हते. ते आमच्या घरात न लिहिताच ठरले होते.

ती म्हणजे कुरालाय, अतांची सून. गेल्या साली तिच्या लग्नाला अकरा वर्षे झाली. अकरा वेळा तिने मला मांडीवर घेऊन तो रस्ता काटला, अकरा वेळा खडीवर बसून गोवरीचे तुकडे माझ्या नळीत टाकले, आणि हंस असताना एकदाही टेकाड चढली नाही. मला उकळायला पाऊण तास लागतो. वारा असला की जास्त. मग सगळे खाली येतात, चहा सुरू होतो, आणि आमच्याकडे चहा वाडग्यात अर्धाच ओततात. अर्धा दिला म्हणजे 'बसा, अजून घ्या'. भरून दिला म्हणजे 'उठा आता'. म्हणून पाच माणसांना सहा-सहा वाडगी, आणि प्रत्येक वाडगे तिच्या हातून. सगळे आटोपेपर्यंत ऊन उतरते आणि गाडी सुरू होते. मी चांगला चहा करतो असे सगळे म्हणतात. त्या कौतुकाने मला बरे वाटायचे. आता वाटत नाही.

तिला हंस का पाहायचे होते? ती दक्षिणेच्या वाळवंटातली. माहेरी पाणी विहिरीत, पाखरे चिमण्या. लग्नाच्या उशांवर तिने रेशमाने हंस भरले होते, ऐकीव. सासूबाईंनी पहिल्याच दिवशी उशी उलटसुलट करून पाहिली.

"हे काय भरलंयस, सूनबाई?"

"हंस, आपा." पण हे ती म्हणाली नाही, मित्रांनो. ओठ हलले, आवाज आला नाही. कारण सासूबाईंचे नाव अक्कू, आणि अक्कू म्हणजे आमच्या भाषेत हंस. सासरच्या थोरांचे नाव सुनेने घ्यायचे नाही. नाव ज्या शब्दात असेल तो शब्दही घ्यायचा नाही. तुमच्याकडच्या बायका नवऱ्याचे नाव उखाण्यात तरी घेतात. आमच्या सुनेला तेवढीही वाट नाही.

"तुमच्या नावाचे पाखरू, आपा," ती म्हणाली.

"माझ्या नावाचं? अगं, याला मानच नाही. माझ्या नावाची बदकं केलीस की तू."

सगळे हसले, तीही हसली. आपा मनाने वाईट नाहीत, तोंडाने आहेत. पण त्या दिवसापासून कुरालायच्या मनात एकच होते. एकदा, फक्त एकदा ती मान कशी वळते ते पाहायचे.

आता गेल्या साली काय झाले ते ऐका.

निघायलाच उशीर. वाटेत अतांच्या चुलतभावाचे घर. दारावरून जाताना भाकरीचा तुकडा तोंडात टाकल्याशिवाय पुढे गेलेले चालत नाही. तुकडा म्हणता म्हणता मेंढीचे डोके शिजले. तळ्यावर पोचलो तर धुके, असे दाट की राखणदाराची टोपी दिसे आणि राखणदार दिसेना. पाण्यावरून नुसते आवाज येत होते, शेकडो पितळी भांड्यांना कुणी हळूच टिचकी मारावी तसे.

"वारा फिरलाय, बर्फ येणार," राखणदार म्हणाला. "आज निघतील सगळे. दुपारी धुकं उठलं तर बघाल."

"मग तोवर चहा," अता म्हणाले. कुरालायने मला खडीवर ठेवले. तिचा नवरा सायान बुटाचा भाता करून नळीत वारा घालू लागला. त्यांची नऊ वर्षांची मुलगी तोमिरिस दर दोन मिनिटांनी टेकाडावर जाऊन धुके तपासून यायची. मीही मनात म्हणत होतो, उकळ बाबा लवकर, आज धुक्याने सगळ्यांनाच खाली बसवले आहे, चहा आधी उरकला तर ती मोकळी होईल. कधी नव्हे तो मी अर्ध्या तासात उकळलो.

पण मग अतांनी दोंब्रा काढला. धुके, गरम चहा, लोण्याचा वास, त्यांना सूर लागला. आणि नेमके तेच पद. डोळे दिले देवाने. डोळे मिटून गात होते. आपा मान डोलवत होत्या. मी, त्या पदाचा वेडा, पहिल्यांदाच वैतागलो. अता, आवरा, असे ओरडावेसे वाटले. माझ्या झाकणाखालून नुसती वाफ निघाली.

कुरालाय आपांचे वाडगे भरत होती. तेवढ्यात टेकाडापलीकडे आवाज बदलला. टिचक्या थांबल्या आणि पाणी फाटल्यासारखे झाले. पंख. तिला कळले, तिने मान वर केली, आणि तोटी तशीच चालू राहिली. वाडगे काठोकाठ भरले. ते तिने न बघताच आपांपुढे केले.

आपांनी वाडगे पाहिले. "भरून? मला उठ म्हणतेस होय?"

"हो, आपा, उठा. तुमच्या... तुमच्या नावाचे उठले."

"माझ्या नावाने कोण उठलंय?" आपांची भुवई वर गेली. "तुझ्या माहेरचं का कुणी? मी काय केलंय त्यांचं?"

"तसं नाही, आपा. लांब मानेचे. पांढरे. ते, ते चालले."

"लांब मानेचा तुझा मामा. मेंढीच्या डोक्याचा मान त्याला आधी दिला नाही म्हणून अजून धुसफुसतोय ना?"

सायान हसू लागला. अतांनी सूर न सोडता डोळा किलकिला केला. कुरालायच्या ओठांवर तो शब्द आला होता. दोनच अक्षरे, मित्रांनो. तो उच्चारला असता तर जागच्या जागी सगळे उठले असते. ती रडवेली झाली, पण अकरा वर्षांचे वळण ओठांतून सुटले नाही. माझ्या जागी तुम्ही असतात तर तुम्हीही फुटला असता.

शेवटी तोमिरिस टेकाडावरून ओरडली, "अक्कू निघाले, अक्कू निघाले." तिला कुठला नियम. मग मात्र धावपळ. अता काठी विसरून निघाले, आपा एका पायात जोडा घालून. कुरालायही उठली. तर आपा वळून म्हणाल्या, "तू थांब, विस्तव आहे."

ती बसली.

ते सगळे परत आले ते पाय ओढत. वर पोचेपर्यंत धुक्याने उरलेसुरले गिळले होते. तोमिरिसला शेवटच्या चारांची शेपटे दिसली, बाकी कुणाला काही नाही.

"गेलं हे वर्ष," आपा धापा टाकत बसल्या. "सरळ सांगता येत नव्हतं तुला? एवढा उशीर करून टाकलास. वर्षभर वाट बघायची आणि हे असं."

"आपा," कुरालाय म्हणाली. आवाज मोठा नव्हता. "तुमचं हे एक वर्ष गेलं. माझी अकरा गेली."

"म्हणजे?" सायान म्हणाला. "तू दरवर्षी येतेस की तळ्यावर."

"तळ्यावर तुम्ही येता, तोमिरिसचे बाबा. मी समोवरापाशी येते."

तोमिरिसने विचारले, "आई, तू कधीच नाही पाहिले?" आणि उत्तराला कुणी थांबले नाही, कारण ते सगळ्यांना ठाऊक होते. ठाऊक होते आणि कधी मनात आले नव्हते. या दोन गोष्टी एका घरात किती सुखाने नांदतात, ते मी ऐंशी वर्षे पाहतो आहे.

अतांनी दोंब्रा पिशवीत घातला. माझ्याजवळ येऊन खाली बसले, गुडघे कुरकुरले. चिमटा हातात घेतला.

"जा, बाळ. विस्तवाशी मी आहे."

"आता काय बघायचं, अता. रिकामं पाणी."

"एखादा मागे राहतो. म्हातारा, नाहीतर पंख दुखावलेला. जा."

आपा उठल्या. दुसरा जोडा शोधून पायात घातला. "चल, मी दाखवते कुठे बसतात ते," म्हणाल्या, आणि सुनेचा हात धरला की सुनेचा आधार घेतला ते मला कळले नाही.

दोघी टेकाडामागे गेल्या. मी आणि अता राहिलो. हा पुण्यवान माणूस. हजार लोकांना रडवणारा. पण समोवर कसा राखायचा ते त्याला कुणी शिकवले नव्हते. सुनेला परत आल्यावर गरम चहा मिळावा म्हणून त्याने माझ्या नळीत गोवऱ्या कोंबल्या, आणि पाणी किती उरले आहे ते पाहिलेच नाही. सारखे टेकाडाकडे डोळे. पाणी संपले. माझे गाणे थांबले. कुरालाय असती तर त्या शांततेनेच धावत आली असती. अतांना ते ऐकूच आले नाही. माझे सांधे तापले, कथील वितळून थेंब थेंब खाली आले आणि तोटी खडीवर पडली.

दोघी परतल्या तेव्हा अता ती तोटी हातरुमालात घेऊन बसले होते.

"दिसला का?" त्यांनी विचारले.

"नाही," आपा म्हणाल्या. "पिसं होती काठावर. पाणी होतं." मग माझ्याकडे पाहून, "आणि हे काय केलंत?"

"अर्धा तास," अता म्हणाले. "अर्धा तास मला सांभाळता आला नाही. हिने कसा सांभाळला इतकी वर्षं?"

आपा गाडीकडे जाता जाता सुनेला म्हणाल्या, "पुढच्या वेळी नाव घे. मी कानात बोटं घालीन."

"सवय नाही, आपा."

"मग लाव."

मित्रांनो, तेव्हापासून मी कोठीत आहे, पिठाच्या पोत्यापाशी. मला कुणी घासत नाही. कोळ्याने नळीत घर केले आहे. माझ्या जातीची भांडी अशा वेळी विनवणी करतात, आम्हाला टाकू नका, पोचे काढा, चिंचेने उजळा. मीही केली असती. हिवाळ्यात अता दोनदा म्हणाले, शहरातल्या तांबटाकडून तोटी झाळून घेऊ. दोन्ही वेळा कुरालाय पीठ चाळत राहिली. आपा बोलल्या, "घाई काय आहे."

आज पहाटे ते सगळे निघाले. सायानने मोठा थर्मास आणला आहे. त्यातल्या चहाला आपा मेलेला चहा म्हणतात, तरी घरीच भरून घेतला. वाटेतल्या घरांची भाकरी अतांनी कालच जाऊन चाखून घेतली, म्हणजे आज थांबायला नको. कोठीच्या खिडकीतून मला एवढेच दिसले की कुरालायची मांडी मोकळी होती आणि आपले हात कुठे ठेवावेत ते तिला कळत नव्हते. आभाळ निरभ्र होते. पण पाखरे काल गेली की आज आहेत, ते देव जाणे. मला इथे काही कळायचा मार्ग नाही, आणि याचाच मला सगळ्यात राग येतो आहे.

तुम्हीही घरच्यांबरोबर कुठे कुठे जाता. डोंगर बघता, समुद्र बघता, पाखरे बघता. परत निघताना एकदा मागे वळा. चुलीपाशी, डब्यांपाशी, सामानापाशी जी कोणी बसली होती तिला विचारा, तू पाहिलेस का? ती हो म्हणेल. तेव्हा पुन्हा विचारा.

आणि माझ्यासाठी मागणे एकच आहे. निघताना अता म्हणाले, परतल्यावर याला तांबटाकडे नेऊ. कुणी त्यांना भेटलात तर सांगा, आपल्या समोवराची काही तक्रार नाही, पण त्याला अजून झाळू नका. आधी तिला येऊ द्या. ती काय पाहून येते ते ऐकू, मग बघू.