उरलेली कथा ग्लेनरॉयच्या पाठीवर

गंधालीची पाठ
(ढकलू नका.)

तपासणी समिती येणार म्हणून विद्यापीठातल्या आमच्या विभागाला नवा रंग दिला होता. भिंतीवर काहीही चिकटवायचं नाही, अशी सूचना भिंतीवर चिकटवली होती. आमचं भित्तिपत्रक, ‘आडवंतिडवं’, त्याच दिवशी लागायचं होतं.

“वाट लागली,” मी म्हणाले.

“भिंतीला नाही म्हणालेत. माणसाला कुठे नाही म्हणालेत?” आमची संपादक गंधाली म्हणाली. माझ्या कथेचं पहिलं पान तिने स्वतःच्याच पाठीवर सेफ्टी पिनांनी लावून घेतलं आणि कॅन्टीनच्या रांगेत जाऊन उभी राहिली. आमच्यातल्या शौनकने पाठीवर कविता घेतल्या. कथेचं दुसरं पान ग्लेनरॉयला, कारण त्याची पाठ रुंद आणि माझी कथा लांब.

आजवर माझी एकही कथा कुणी शेवटपर्यंत वाचली नव्हती. लोक पहिला परिच्छेद वाचतात, “झकास गं फ्लेविया” म्हणतात आणि समोसा घ्यायला जातात. मी खांबाआडून बघत असते. या वेळीही तेच झालं, तर मी लिहिणं सोडणार होते. पुढच्या अंकापासून फक्त चित्रं

शौनकची पाठ
(कविता आहेत. उरलेल्या जागेत हे.)

काढणार होते.

रांगेत गंधालीच्या मागे संख्याशास्त्राचा देवव्रत होता. डोळ्यांसमोर दुसरं काहीच नव्हतं, म्हणून वाचायला लागला.

कथा अशी: लग्नाच्या आदल्या दिवशी नवरीला न्हाऊ घालायचं उंबराचं पाणी आणायला अख्खं गावठाण बँड वाजवत विहिरीवर येतं. विहिरीच्या जाळीवर कुणाची तरी गाडी उभी. बँड थांबतो. लूर्डसमावशी हातातली कळशी

पान संपलं.

“अरे! कळशी काय?” देवव्रत ओरडला. “आपटली?”

“पुढचं ग्लेनरॉयवर,” गंधाली म्हणाली.

“तो कुठाय?”

“जुहूला. मॅच आहे त्याची.”

“पानासकट?”

शौनकने ग्लेनरॉयला फोन लावला. तो गंधालीच्या पिशवीत वाजला.

मी खांबाआडून बाहेर आले. “मी सांगते ना शेवट. मीच लिहिलीय.”

“ए, सांगू नकोस! मी वाचणार.”

आणि रांग तशीच सोडून देवव्रत वाकोल्याच्या गेटकडे निघाला. मी त्याच्या रिक्षात कधी चढले, ते मला

ग्लेनरॉयची पाठ
(पळतेय. भरभर वाचा.)

कळलंच नाही.

वाळूवर ग्लेनरॉय बॉल घेऊन सुटला होता, पाठीवर पान फडफडत. देवव्रतने चपला माझ्या हातात दिल्या आणि त्याच्या मागे धावला.

“थांब ना यार!”

“आता? समोर गोल आहे!”

“माझ्यासमोर परिच्छेद आहे!”

ग्लेनरॉय डावीकडे, देवव्रत डावीकडे. “मावशीने... कळशी... काखेत...” समोरच्या टीमला वाटलं, नवा खेळाडू आला. एकाने त्यालाच अडवलं.

“हट ना रे, शेवटची ओळ राहिलीय!”

ग्लेनरॉयने बॉल बाहेर मारला आणि डोकं धरून खाली बसला. पान स्थिर झालं. देवव्रत वाकला.

तो माझ्याकडे आला. घामाघूम.

“नाही पटलं.”

“काय?”

“शेवट. वॉचमनच्या नळाचं पाणी? एवढा बँड घेऊन? हार मानली मावशीने.”

“हार कुठे? नळावर बँड वाजवायला लावला तिने. अख्खी सोसायटी बाल्कनीत आली. गाडीवालापण.”

“ते वाचलं मी. पण गाडी हलली का?”

“म्हणजे एका गाडीसाठी लग्न थांबवायचं?”

“हो! थांबवायचं!”

माझ्या शेवटच्या ओळीवरून कुणीतरी माझ्याशी भांडत होतं. जोरात, हातवारे करून. मला नाचावंसं वाटत होतं आणि तो साफ चुकत होता.

“तुला समजलंच नाहीये,” मी म्हणाले. “परत वाच.”

ग्लेनरॉय नुकताच उठला होता. त्याने मागे वळून पाहिलं, देवव्रत येताना दिसला आणि तो बॉलशिवायच पळत सुटला.