मी खोटे माप देणार नाही

मित्रांनो, मी एक जुने काचेचे मोजपात्र आहे आणि माझा सारा जन्म सांडपाण्यात गेला. नाक मुरडायचे असेल तर आत्ताच मुरडून घ्या. मी काही लाजणार नाही.

भट्टीतल्या लालबुंद काचेतून मी घडले. अंगावर शून्यापासून हजारापर्यंत रेघा कोरल्या गेल्या. माझी भावंडे शाळांच्या प्रयोगशाळांत गेली. मी मात्र शहराच्या टोकाला, सांडपाणी शुद्ध करण्याच्या केंद्रात आले. मोरी, न्हाणी, संडास, सगळ्यांचे पाणी शेवटी आमच्याकडेच येते. तिथल्या मोठ्या टाकीत हवा सोडतात. त्या हवेवर डोळ्यांना न दिसणारे कोट्यवधी जीव जगतात आणि पाण्यातली घाण खाऊन टाकतात. रोज त्या टाकीतले मातकट पाणी माझ्यात भरायचे आणि अर्धा तास वाट पाहायची. गाळ तीनशेच्या रेघेपर्यंत खाली बसला आणि वर निवळशंख पाणी राहिले, की समजायचे, जीवांची तब्येत ठणठणीत आहे.

हे काम करणारे बरेच आले नि गेले. एकाने धुताना मला नळावर आपटले, तेव्हा माझ्या काठाची कपची उडाली. दुसरा तर मला हातही न लावता वहीत 'तीनशे' लिहून मोकळा होई. त्याचा मला फार राग येई.

मग ऑपरेटरबाई आल्या. पाणी आत येते तिथल्या जाळीत अडकलेल्या चिंध्या ओढण्यापासून त्यांनी सुरुवात केली. पंप शिकल्या, परीक्षा दिली आणि पाचव्या वर्षी टाकी त्यांच्या हाती आली. एकदा त्यांची मामी फाटकाशी आली आणि नाकाला पदर लावून म्हणाली, "अगं, लोकांची घाण उपसतेस! सोयऱ्यांना काय सांगायचं आम्ही?"

"सांग की, घाण लोकांची आहे, अक्कल माझी आहे," बाई म्हणाल्या.

पुढे त्यांना पाळीप्रमुख करायचे ठरले. फक्त साहेबांची सही बाकी होती. त्याच आठवड्यात एका दुपारी टाकीवरचा फेस जांभळा झाला. कुणीतरी गटारात रसायन ओतले होते. बाईंनी मला भरले. दहा मिनिटे गेली, वीस गेली, तीस गेली. गाळ नऊशेच्या रेघेखाली उतरेना. वरचे बोटभर पाणीही गढूळच.

"जीव मरतायत," बाई पुटपुटल्या.

साहेब धावत आले. "उद्या तपासणी आहे. वहीत तीनशे लिहा. दोन दिवसांत होईल सगळं सुरळीत."

"साहेब, हे पाणी नदीत जातंय. खालचं गाव तेच उचलतं."

"मला शिकवू नका. तुमचा कागद माझ्या टेबलावर आहे, विसरू नका."

बाईंनी मला उचलले आणि थेट साहेबांच्या डोळ्यांसमोर धरले. "मला कशाला सांगता? याला सांगा तीनशे दाखवायला!"

मित्रांनो, साहेब माझ्याकडे बघत राहिले. मीही त्यांच्याकडे बघत राहिले. शेवटी तोंड फिरवले ते त्यांनी.

बाईंनी वहीत खरा आकडा लिहिला. नदीकडचे दार बंद केले आणि येणारे पाणी पावसाळ्यासाठी बांधलेल्या रिकाम्या राखीव टाकीत वळवले. मग खालच्या गावाच्या पाणीकेंद्राला फोन लावला. "नदीचं पाणी उचलणं ताबडतोब थांबवा. चूक आमच्याकडची आहे. मी टाकीची ऑपरेटर बोलतेय, माझं नाव लिहून घ्या."

राखीव टाकीत तीन दिवसांचेच पाणी मावणार होते. बाईंनी शेजारच्या शहराच्या केंद्रातून टँकरने जिवंत गाळ आणवला, मेलेला उपसून काढला आणि दर तासाला मला भरून पाहिले. आठशे ऐंशी. आठशे. सातशे दहा. तिसऱ्या दिवशी दुपारी राखीव टाकी काठोकाठ भरायला चार बोटे उरली होती, तेव्हा गाळ चारशेवर बसला आणि वरच्या पाण्यातून बाईंना पलीकडची खिडकी स्वच्छ दिसली. त्या मटकन खाली बसल्या आणि रडल्या. मग उठून त्यांनी नदीकडचे दार उघडले.

साहेबांनी सही केली नाही. बाईंची बढती दोन वर्षे लांबली. नवे साहेब आल्यावर ती मिळाली.

पण त्याआधी एक दिवस खालच्या गावचा पाणीवाला मुद्दाम भेटायला आला. म्हणाला, "तुमच्या फोननंतर आम्ही लगेच पंप बंद केले. तासाभरात नदी जांभळी झाली. गावात कुणाला पत्ताही नाही."

"नसू दे," बाई म्हणाल्या. "पाणी प्यायले नाहीत ना, बस."

आता माझे काम एक यंत्र करते. मी फळीवर असते. मला जपा, असे मी म्हणणार नाही. काच आहे, कधीतरी फुटेन. पण मित्रांनो, मोरीत वाटेल ते ओतायला तुम्हाला लाज वाटत नाही आणि ते निस्तरणाऱ्याची मात्र वाटते, हे मी ऐकून घेणार नाही. पुढे कुणी तुम्हाला म्हणाले, 'मी सांडपाण्याच्या केंद्रावर काम करते', तर आधी तिला बसायला खुर्ची द्या. मग आदराने विचारा, "आज पाणी कसं आहे?"